बावीस डोक्यांची कचेरी

२०२० च्या जनगणनेत टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) ६४ माणसं निघाली, पोराबाळांसकट. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी तिथे ६६ मतं पडली. आपल्याकडे असा आकडा आला असता तर बोगस मतदानाची बोंब उठली असती आणि दुपारपर्यंत कुणीतरी उपोषणाला बसलं असतं. तिथेही मतदारयादीवरून कोर्टकज्जे झालेत. पण गंमत अशी की हे दोन्ही आकडे आपापल्या कायद्याप्रमाणे बरोबर असू शकतात. ते कसे, हे समजलं की लहान गावाच्या लोकसंख्येचा आकडा वाचायचा कसा, तेही बरंचसं समजतं.

या काउंटीचं ठिकाण म्हणजे मेंटोन. ‘तालुक्याचं ठिकाण’ म्हणताना आपण ‘ठिकाण’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, त्याच अर्थाने. जिथे कचेरी, ते ठिकाण. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला कचेरीचं एक गाव असावंच लागतं, मग तिथे राहायला कुणी असो-नसो. आपल्याकडच्या ठिकाणाला सहसा आधी बाजार असतो, वस्ती असते आणि नंतर मामलेदार येतो. मेंटोनमध्ये कचेरी काढून घेतली तर पोस्ट आणि ट्रकवाल्यांसाठी थोडीफार सोय एवढंच मागे राहील. २०१० च्या जनगणनेत गावात १९ माणसं होती, २०२० मध्ये २२. कचेरीची इमारत १९३५ सालची.

लव्हिंग या नावाचा प्रेमाशी काही संबंध नाही. ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचे तांडे हाकणारा व्यापारी होता. १८६७ मध्ये पेकोस नदीच्या परिसरात कोमांची लोकांशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला आणि पुढे फोर्ट समनरला वारला. काउंटीची पश्चिम हद्द म्हणजे हीच पेकोस नदी. उत्तरेला ३२ अंश अक्षांशाची रेघ आणि तिच्या पलीकडे न्यू मेक्सिको. पूर्वेची विंकलर काउंटीकडची हद्द सरळ पट्टीने ओढलेली. क्षेत्रफळ १,७५३ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या जवळपास तिप्पट. त्यात ६४ माणसं. माणशी सुमारे २७ चौरस किलोमीटर पडतात. ही सरासरी तशी खोटी आहे, कारण माणसं सारखी पसरलेली नाहीत. मेंटोन आणि काही गुराख्यांची रँचेस सोडली, तर नकाशावरचे बहुतेक चौकोन रिकामेच आहेत.

जमीन सपाट, किंचित नदीकडे उतरती. मेंटोनची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,६८० फूट. पाऊस वर्षाला जेमतेम २५ सेंटिमीटर. आपल्या माणदेशातल्या कोरड्या पट्ट्यातही याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. रानात मेस्किट, क्रिओसोट आणि नदीकाठी बाहेरून आलेली टॅमॅरिस्कची झुडपं. गवत इतकं विरळ की एका गाईमागे कित्येक एकर रान लागतं. म्हणजे पशुपालनाच्या हिशेबानेच इथे घरं थोडी असणार. एका कुटुंबाचं पोट भरायला हजारो एकर लागत असतील तर शेजारी लांबच राहणार.

नदी आहे ना, मग शेती का नाही? नकाशा बघणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो. पेकोसचं पाणी खारं आहे. वरच्या अंगाला, न्यू मेक्सिकोत मलागाजवळच्या वळणावर, जमिनीतलं मीठ झिरपून नदीत उतरतं. १९३६ मध्ये हद्दीलगत रेड ब्लफ धरण बांधलं. त्याचा जलाशय उलटा न्यू मेक्सिकोत शिरलेला आहे आणि त्या राज्यातली सर्वात खालची जागा तिथेच येते. पण धरणात साठलेलं पाणी उन्हाने उडतं, मीठ मागेच राहतं, खारेपणा वाढतो. शिवाय त्या पाण्याचा बहुतेक उपयोग खालच्या अंगाच्या काउंट्यांना. लव्हिंगच्या नशिबी मुख्यतः काठच.

एक बारीकसारीक गोष्ट, पण भूगोल शिकवणाऱ्याला आवडेल अशी. मेंटोन पश्चिम रेखांश १०३.६ वर आहे. सूर्याच्या हिशेबाने त्याने पलीकडच्या न्यू मेक्सिकोचं घड्याळ लावायला हवं. पण टेक्सासचा हा भाग मध्य प्रमाणवेळ पाळतो. त्यामुळे सूर्य डोक्यावर यायला हिवाळ्यात पाऊण वाजून जातो, आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असताना दोन वाजायला येतात.

गावाचा इतिहास सांगायचा तर आधी दोन मेंटोन वेगळे करावे लागतात, नाहीतर घोटाळा होतो. काउंटी कागदावर १८८७ मध्ये काढली. १८९० च्या जनगणनेत तिथे माणसं किती? तीन. आणि तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, काउंटीचा कारभार सुरू करावा म्हणून दीडशे सह्यांचा अर्ज दाखल झाला! कायद्याला तेवढेच मतदार लागत होते. यामागे पेकोसमधून कालवा काढून जमिनी विकू पाहणारी एक कंपनी होती. पहिलं मेंटोन या मंडळींनी थाटलं, आत्ताच्या गावापासून पंधराएक किलोमीटर उत्तरेला. लबाडी उघड झाली, कालव्याचं स्वप्न बुडालं आणि १८९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काउंटीच मोडून शेजारच्या रीव्हज काउंटीला जोडून टाकली. पुढे १९२० च्या दशकात तेल लागल्यावर १९२५ मध्ये रॅम्झी नावाचं नवं गाव वसलं. १९३१ मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली, तेव्हा रॅम्झीचं नाव बदलून मेंटोन केलं आणि कचेरी तिथे आणली. म्हणजे एक मेंटोन बुडालेलं आणि एक आत्ताचं, जे आधी रॅम्झी होतं. टेक्सासात दोनदा स्थापन झालेली काउंटी ही एकच. गावातलं जुनं चर्चही मूळचं इथलं नाही. १९१० मध्ये नदीकाठच्या पोर्टरव्हिल या गावी ते बांधलं होतं. ते गाव ओसरल्यावर इमारत उचलून मेंटोनला आणली. लाकडी बांधकामाचा हा फायदा.

आता काउंटीचे जनगणनेतले आकडे ओळीने वाचा. १८९० मध्ये ३, १९०० मध्ये ३३, १९१० मध्ये २४९, १९२० मध्ये ८२, १९३० मध्ये १९५, १९४० मध्ये २८५, १९५० मध्ये २२७, १९६० मध्ये २२६, १९७० मध्ये १६४, १९८० मध्ये ९१, १९९० मध्ये १०७, २००० मध्ये ६७, २०१० मध्ये ८२ आणि २०२० मध्ये ६४. १९१० चा उंचवटा जमीन मिळते म्हणून आलेल्या वसाहतकरांचा. कोरड्या सालांनी त्यांना हुसकावलं. १९४० चा तेलाचा. पण दर दहा वर्षांच्या मोजणीत एक खोट असते, मधलं काहीच दिसत नाही. १९३३ च्या सुमाराला काउंटीची वस्ती सहाशेच्या घरात गेली होती, तो तिचा कळस. वरच्या ओळीत त्याचा मागमूसही नाही. तेलाचं गाव दहा वर्षांत फुगून बसूही शकतं. जनगणनेच्या दोन खुंट्यांमध्ये दोरी सरळ ताणली की मधला डोंगर गायब होतो.

१९७० नंतरच्या उतारात शाळेचाही वाटा असावा. १९७२ च्या सुमाराला इथली शाळा विंक गावच्या शाळेत विलीन झाली. शाळा गेली की तरुण जोडपी जातात, हे महाराष्ट्रातल्या वाडी-वस्तीवर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण खरा चक्रावणारा भाग त्याच्या पुढचा आहे. २०१० ते २०२० या दशकात डेलावेअर खोऱ्यात, म्हणजे लव्हिंग ज्यात येते त्या तेलाच्या पट्ट्यात, आडव्या विहिरी आणि फ्रॅकिंग (दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडणं) यांमुळे तेलाचं उत्पादन प्रचंड वाढलं. लव्हिंग राज्यातल्या मोठ्या तेल काउंट्यांमध्ये जाऊन बसली, करपात्र मालमत्ता अब्जावधी डॉलरची झाली. आणि लोकसंख्या ८२ वरून ६४ वर उतरली. पैसा आला की माणसं येतात, या आपल्या हिशेबाला इथे छेद जातो. का?

एक तर टेक्सासात जमिनीचा पृष्ठभाग आणि खालचं खनिज यांची मालकी वेगळी करता येते. सातबारा एकाच्या नावावर आणि खालचं तेल दुसऱ्याच्या, असं समजा. खनिजाचा मालक डॅलसमध्ये बसून रॉयल्टी घेतो. त्याला मेंटोनचं उन्ह सोसायची गरज काय? दुसरं, रान मोजक्या कुटुंबांच्या हातात आहे. विकायला घर नाही, बांधायला प्लॉट नाही. किराणा भरायचा तर पेकोस गाव चाळीसएक किलोमीटर, करमिट पन्नासच्या वर. तिसरं म्हणजे कामगार पाळ्यांवर येतात. दोन आठवडे काम, मग घरी. रात्र काढायला ट्रेलर नाहीतर मॅन कॅम्प, म्हणजे तात्पुरत्या खोल्यांच्या रांगा. दिवसा राज्य महामार्ग ३०२ वर वाळू आणि पाण्याचे ट्रक ओळीने धावतात, पण त्यातला चालक त्या काउंटीच्या आकड्यात नसतो.

तो का नसतो, ते नीट बघू. अमेरिकेची जनगणना माणूस ‘नेहमी जिथे राहतो-झोपतो’ तिथे मोजते, आणि तारीख धरते १ एप्रिलची. टेक्सासच्याच ओडेसा शहरात बायकापोरं असलेला आणि बहुतेक काळ तिथे राहणारा कामगार ओडेसात मोजला जातो. कॅम्पात मोजला जातो तो ज्याचा बहुतेक काळ तिथेच जातो किंवा ज्याला दुसरीकडे घरच नाही. भारताची रीत वेगळी. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी असा काळ धरला होता आणि त्या काळात माणूस जिथे राहिला तिथे तो मोजला. आपली रीत मेंटोनला लावली असती तर कॅम्पातली बरीच मंडळी आकड्यात आली असती आणि मेंटोनची गणना कदाचित मोठ्या गावांत झाली असती. २०२० ची आणखी एक गोम म्हणजे तारीख. १ एप्रिलला कोरोनाची पहिली लाट होती, तेलाचे भाव कोसळत होते. २० एप्रिलला तर अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरच्याही खाली गेला. तेलाच्या प्रदेशाची मोजणी करायला याहून वाईट महिना शोधून सापडला नसता.

आता मतं. टेक्सासच्या निवडणूक कायद्यात ‘निवास’ म्हणजे माणसाचं असं कायमचं घर की तात्पुरता बाहेर गेला तरी तिथे परतायचा त्याचा इरादा आहे. इरादा! जनगणना विचारते, कुठे झोपतोस? निवडणूक विचारते, मनाने कुठला आहेस? घराण्याची रँच लव्हिंगमध्ये आहे, नोकरी आणि पोरांची शाळा दुसरीकडे, अशा माणसाचं जनगणनेतलं उत्तर एक आणि मतदारयादीतलं दुसरं, हे सहज शक्य आहे. कोकणातलं घर कुलूपबंद ठेवून डोंबिवलीत राहणाऱ्या आणि गावच्या यादीत नाव टिकवणाऱ्याला हे लगेच कळेल. लाखाच्या गावात असा फरक बुडून जातो. ६४ च्या काउंटीत तो वर तरंगतो.

दुसरा घोटाळा वेशीचा. मेंटोनला वेस नाही. लव्हिंग काउंटीत नगरपालिका असलेलं एकही गाव नाही, त्यामुळे महापौर नाही, पालिकेची हद्द नाही. मग २२ माणसं कुठल्या रेघेच्या आतली? जनगणना खातं अशा वस्त्यांभोवती स्वतःच रेघ ओढतं आणि तिला ‘जनगणनेपुरती जागा’ असा दर्जा देतं. आपल्याकडच्या जनगणना नगरांची (नगरपालिका नसली तरी जनगणनेत शहर धरलेल्या गावांची) ही धाकटी बहीण म्हणा, फक्त इथे किमान लोकसंख्येची अट नाही. ही रेघ एका जनगणनेतून दुसरीत सरकू शकते. म्हणून ‘१९ चे २२ झाले, गाव १६ टक्क्यांनी वाढलं’ असं लिहिण्याआधी दोन्ही वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवून बघावे. रेघेबाहेरचं एक घर आत घेतलं तरी तेवढी वाढ होते. पोस्टाचा पिनकोड, तिथला झिप कोड ७९७५४, हा आणखी वेगळा प्रदेश. कुठल्या तक्त्यात ‘मेंटोन’ म्हणजे गाव आणि कुठल्यात टपालाचा पट्टा, हे न बघता आकडे उचलले की चूक ठरलेलीच.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. २०२० च्या जनगणनेत प्रसिद्ध झालेल्या आकड्यांमध्ये मुद्दाम थोडी भेसळ केलेली आहे. २२ माणसांच्या गावात वय, वंश, घरातली नाती असे तक्ते छापले तर शेजाऱ्याला कोण कोण हे ओळखता येईल, आणि माणसाची माहिती गुप्त ठेवणं हे कायद्याचं बंधन. म्हणून गणिती पद्धतीने प्रत्येक आकड्यात लहानसा यादृच्छिक फरक मिसळला जातो. राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी हुबेहूब ठेवली आणि लहानात लहान गटातल्या घरांची संख्या. काउंटीचा ६४ सुद्धा या चाळणीतून आलेला आहे. शिवाय मिसळल्यानंतर आकडा उणे येऊन चालत नाही, म्हणून उणे आले ते शून्यावर आणले जातात. त्यामुळे अगदी लहान जागा किंचित फुगतात आणि मोठ्या किंचित आटतात. बारीक पातळीवर तर माणसं आहेत पण वसलेलं घर नाही, किंवा मुलं आहेत पण मोठं माणूस एकही नाही, असेही गट तक्त्यात दिसतात. ती गणनाकाराची चूक नव्हे, पद्धतीची किंमत. ‘मेंटोनमध्ये २२ माणसं’ या वाक्याचा प्रामाणिक अर्थ ‘वीसेक’ एवढाच घ्यावा.

आणि टक्केवारी तर इथे विषासारखी टाळावी. २२ मध्ये एक माणूस म्हणजे साडेचार टक्के. कुणी म्हातारं गेलं की ज्येष्ठांचं प्रमाण कोसळतं, जुळी झाली की जन्मदर आभाळाला टेकतो. एका घराला रॉयल्टी आली तर दरडोई उत्पन्न भलतंच होतं. मधल्या वर्षांसाठी देशभरात दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर नमुना पाहणी होते, तिचे पाच वर्षांचे एकत्र केलेले आकडे लव्हिंगसाठीही छापतात. त्यांच्या शेजारी आकडा किती चुकू शकतो याची मर्यादा दिलेली असते आणि ती कधीकधी मूळ आकड्याइतकीच मोठी असते. तो रकाना झाकून आकडा उतरवणारे लेख पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

एवढ्या माणसांत काउंटी चालते कशी? साचा मोठ्या काउंटीचाच. एक काउंटी जज, जो नावाला न्यायाधीश पण कामाने प्रशासनप्रमुख, आणि चार प्रभागांतून चार कमिशनर. शिवाय शेरीफ. इथलीच एडना रीड क्लेटन ड्युवीज ही टेक्सासातली निवडून आलेली पहिली महिला शेरीफ, १९४५ ची. काही पदं एकत्र करायची मुभा आहे. ८,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत दस्तऐवजांचा कारकून आणि जिल्हा कोर्टाचा कारकून एकच असू शकतो. वरिष्ठ न्यायालय रीव्हज आणि वॉर्ड या काउंट्यांबरोबर वाटून घेतलेलं. ज्युरी निवडताना मात्र पंचाईत, कारण सगळेच एकमेकांचे सोयरे नाहीतर भांडलेले.

प्रभागरचना हा तर कोड्याचा प्रकार. जवळच्याच मिडलंड काउंटीत एकेकाळी एका प्रभागात ६७,९०६ माणसं होती आणि उरलेल्या तिघांत ८५२, ४१४ आणि ८२८. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि काउंटीच्या प्रभागांनाही ‘एक माणूस, एक मत’ लागू केलं. सर्वात मोठा आणि सर्वात लहान प्रभाग यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, असा ठोकताळा न्यायालयांनी पुढे रूढ केला. आता ६४ भागिले ४, म्हणजे प्रभागी १६. दहा टक्के म्हणजे १.६ माणूस. म्हणजे दोन प्रभागांत फार तर एका माणसाचा फरक चालेल. रेघ एका कुटुंबाच्या अंगणावरून नेली की बिघडलं. आणि हे सगळं ज्या आकड्यांवर करायचं, त्यांतच मुद्दाम मिसळलेला फरक एका माणसापेक्षा मोठा असू शकतो.

पाण्याची गोष्ट जमिनीखालची. कित्येक दशकं गावात पिण्याजोगं पाणी बाहेरून आणावं लागे, कारण भूजलात क्षार. आता याच भूगर्भातून तेलाबरोबर खारं पाणी वर येतं, तेलाच्या कित्येक पट. ते पुन्हा खोल विहिरींत दाबून भरतात. त्या दाबाने जुन्या भेगा सरकतात. मार्च २०२० मध्ये ५.० तीव्रतेचा आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. दोन्हींचं केंद्र मेंटोनच्या पश्चिमेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, नदीपलीकडे, दुसऱ्याच काउंटीच्या रानात. पण भूकंपाची नोंद करताना जवळच्या नाव असलेल्या गावापासूनचं अंतर लिहितात, आणि त्या ओसाडीत नकाशावर नाव असलेली जागा फारशी नाहीच. म्हणून भूकंपशास्त्राच्या शोधनिबंधांत २०२० चा तो धक्का ‘मेंटोनचा भूकंप’ म्हणूनच ओळखला जातो.